वाढत्या अंगाचा हिच

तांडेलांना बोट लागायची. धक्क्याला बांधलेल्या बोटीत नुसतं पाऊल ठेवलं तरी त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा, आणि ते हाताला लागेल ते धरून परत जमिनीवर यायचे. आजोबा रत्नागिरीकडच्या खाडीत मचव्यावर तांडेल, म्हणजे बोट हाकणारे म्होरके, वडील तांडेल, आणि हा माणूस कतारमध्ये वर्षानुवर्षं बोटीच ओढत होता, पण कोरड्या रस्त्यावरून, ट्रेलरवर चढवून, पिकअपच्या मागे. कामगारांच्या कॅम्पातल्या गाववाल्यांनी चेष्टेनं ठेवलेलं ते नाव इतकं चिकटलं होतं की पगाराच्या यादीत त्यांचं खरं नाव वाचून मी विचारलं होतं, हा कोण नवीन माणूस?

मी तेव्हा त्यांच्याच कंपनीत पर्चेसमध्ये लागले होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा गॅस कंपनीत इंजिनियर, मूलबाळ नव्हतं, आणि नाशिकहून आलेल्या मला दोहातल्या अबू हमूरच्या घरात दिवसभर एसीचा आवाज ऐकत बसणं जमेना. कंपनी बोटी विकायची. इंडस्ट्रियल एरियात मोठं यार्ड होतं, त्याच्या एका कडेला पत्र्याच्या केबिनमध्ये माझं टेबल, फॅक्स आणि कॅटलॉगची चळत. यार्डात मराठी बोलणारे दोघंच, तांडेल आणि मी. ते मला ‘बाय’ म्हणायचे, मी त्यांना ‘चाचा’.

मी मुळात घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला तीनदा मागे फिरणाऱ्यांपैकी. त्यामुळे तांडेल मला पहिल्याच आठवड्यात आवडले. हा माणूस कधी ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचा नाही. बोट पोचवून आले की मी विचारायची, “काय चाचा, सगळं ठीक?” आणि ते चपला झटकत म्हणायचे, “आतापर्यंत ठीक हाय.” घरची खुशाली विचारली तरी तेच उत्तर. धाकटी मुलगी शबाना चिपळूणला डी.एड. करत होती, तिची परीक्षा कशी गेली? आतापर्यंत ठीक हाय. सुरुवातीला मला हसू यायचं. मग मीही तसंच म्हणायला लागले.

त्यांच्या खिशात शिंप्याची टेप असायची. ट्रेलर जोडण्याआधी ते पिकअपच्या पुढच्या चाकावरच्या मडगार्डची जमिनीपासून उंची मोजायचे, मागच्याची मोजायचे आणि दोन्ही आकडे खडूनं तिथंच पत्र्यावर लिहायचे. ट्रेलर जोडला की पुन्हा मोजायचे. मागची बाजू किती दबली, पुढची किती वर आली हे त्यावरून कळतं. पुढची वर आली म्हणजे पुढच्या चाकांवरचं वजन कमी झालं, स्टिअरिंग हलकं झालं. आणि रस्त्याला लागले की पहिल्या पेट्रोलपंपावर उतरून ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध हाताची मागची बाजू टेकवायचे, तापलंय का बघायला. पोराचा ताप बघावा तसं.

बाकीचे ड्रायव्हर हसायचे. एक पठाण ड्रायव्हर म्हणायचा, चाचा, अल्लावर भरवसा ठेव, इन्शाल्ला म्हण आणि यल्ला, निघ. तांडेल पाच वेळा नमाज पढणारे, पण यावर मात्र ऐकून घ्यायचे नाहीत. मला म्हणाले होते, “आधी पाना फिरवायचा, मग इन्शाल्ला बोलायचा. पान्याचा काम त्याच्यावर कशाला टाकतंव आपण?”

आता मुद्द्याचं. आमच्या एका जुन्या कतारी गिऱ्हाइकानं मोठी बोट घेतली. दोन इंजिनांची, आमच्या यार्डातून त्या वर्षी गेलेली सगळ्यात जड. ती दुखानला समुद्रावर पोचवायची आणि पुढेही आमच्याच पिकअपनं वरचेवर ने-आण करायची असं ठरलं. इतकं ओझं साध्या हुकावर नको म्हणून मॅनेजरनी मला वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे ओझं वाटून देणारी जोडणी, मागवायला सांगितलं. त्यात हुकाच्या खालून दोन जाड स्प्रिंगच्या सळ्या मागे निघतात आणि साखळीनं ट्रेलरच्या चौकटीला ताणून बांधल्या जातात. ताण दिला की पिकअपच्या ढुंगणावर बसलेलं वजन थोडं पुढच्या चाकांकडे जातं, थोडं ट्रेलरच्या चाकांकडे. तांडेल म्हणायचे, एकाच्या डोक्यावरची पाटी तिघांनी धरायची, एवढाच त्याचा अर्थ.

मी बोटीच्या ब्रोशरमधला आकडा घेऊन कॅटलॉग उघडून बसले होते. तांडेल दारात उभे. “बाय, ह्यात पेट्रोल धरलास?” नाही. “इंजिनं?” एकच. “नांगर, साखळी, पाण्याचे कॅन, बर्फाच्या पेट्या, जनरेटर?” मी कॅटलॉग मिटला. दुसऱ्या दिवशी ते बोट वाळूच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. वजन ब्रोशरपेक्षा जवळजवळ टनानं जास्त निघालं.

मग प्रश्न हुकावर नेमकं किती बसतं याचा. त्यासाठी त्यांनी माझ्या घरचा काटा मागवला, माणसं वजन करतात तो. नवरा म्हणाला, बोटीला डाएटवर ठेवणार का? यार्डात तांडेलांनी एक जाड फळी घेतली, तिचं एक टोक विटेवर ठेवलं, दुसरं चार फुटांवर काट्यावर, आणि ट्रेलरची मान, म्हणजे हुकावर बसणारा पुढचा दांडा, विटेपासून एक फुटावर टेकवली. “काट्यावरचा आकडा गुणिले चार,” ते म्हणाले. आकडा होता अठ्ठ्याण्णव. मी तो वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि टेबलाशी येऊन घोळ घातला.

कॅटलॉगमध्ये त्या वजनाला चपखल बसेल असा हिच होता, आणि त्याच्या वर दोन मोठे. चपखल बसणारं काही विकत घेणं आमच्या घराण्यात नाही. शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या पायाच्या, लग्नातला माझा ब्लाउजसुद्धा आईनं आत दोन इंच कापड सोडून शिवून घेतलेला. शिवाय भीती. जड बोट, मग जड हिच घेतलेला बरा, उद्या याहून मोठी बोट आली तरी चालेल. मी सगळ्यात वरचा मागवला. तांडेलांना विचारलं नाही, कारण ते तेव्हा बोट घेऊन पार उत्तरेला रुवैसला गेले होते आणि फॅक्स त्याच दिवशी जायला हवा होता. हे कारण मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं.

हिच जहाजानं आला तो सहा आठवड्यांनी, एका सोमवारी. बोट गुरुवारी दुखानला हवी होती. मंगळवारी सकाळी तांडेलांनी तो बसवला आणि टेप काढली. सळ्या इतक्या ताठ होत्या की साखळीची एक कडी ओढली तर काहीच होईना, पुढची ओढली तर पिकअपची मागची बाजूच उचलली जाई. मागची चाकं हलकी म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडी फिरलीच समजा. पण खरी गोष्ट पुढे होती. आमच्या ट्रेलरचा ब्रेक धक्क्यावर चालणारा. पिकअप थांबायला लागली की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, त्याची मान आत सरकते आणि त्या सरकण्यानं त्याचे ब्रेक लागतात. सळ्यांनी मान अशी करकचून धरली होती की ती सरकायला तयार नव्हती. तांडेलांनी यार्डातल्या यार्डात चार वेळा गाडी चालवून करकचून ब्रेक मारले, उतरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “ट्रेलरला ब्रेक नाय. मेला तो.”

मी वही उघडून दोन रेघा मारलेला तो अठ्ठ्याण्णव पुन्हा वाचला.

मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे होतो. तांडेलांनी हिंदीत सांगितलं, ये हिच लगाके नहीं जायेगा, साब. मॅनेजर चिडले. सहा आठवडे वाट बघून मागवलेला, सगळ्यात भारी हिच, गिऱ्हाइकाला त्याचं कौतुक सांगून झालेलं, आणि ड्रायव्हर म्हणतो नको? ते म्हणाले, “तांडेल, डरता है क्या?”

“डरता है, साब.”

“तो घर जाओ. मेरे पास दूसरा ड्रायव्हर है.”

आणि मग स्वच्छ सांगितलं, गुरुवारी हाच हिच लावून बोट दुखानला जाईल, नाहीतर शनिवारी येऊन पासपोर्ट घेऊन जा, खलास. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे. त्या वाक्याचा अर्थ, नोकरी संपली, गावी परत, तिथल्या प्रत्येकाला कळायचा.

त्या वेळी मी एक वाक्य बोलायचं होतं. सर, हिच चुकीचा आहे, मी चुकीचा मागवला. एवढंच. माझ्या नोकरीचे चार महिने झाले होते, मॅनेजरच्या टेबलावर माझ्या सहीचा कागद होता आणि मी त्या कागदाकडे बघत मूग गिळून उभी राहिले. तांडेलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. ते म्हणाले, “ठीक है, साब.” त्यांच्या तोंडून ‘ठीक’ मी पहिल्यांदा एकटं ऐकलं.

बुधवारी मी त्यांना यार्डात गाठलं. म्हटलं, “चाचा, मी जाऊन सांगते. चूक माझी आहे.”

“सांगून नवीन हिच येणार काय? तो जहाजातून येतो.”

“पण तुम्ही...”

“तू नवीन हायस. मला घालवायचा तर आज घालवतील, उद्या घालवतील. दोघांनी कशाला जायचा? जा, चहा पी.”

मी खरंच जाऊन चहा प्यायले. हे लिहिताना आजही लाज वाटते. संध्याकाळी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इंजिनियर माणूस, त्यानं कागदावर दोन बाण काढले. मग म्हणाला, “ब्रेक लागले नाहीत तर एवढी बोट पिकअपला सरळ राहू देणार नाही.” मी म्हटलं, “उद्या मी त्यांच्या शेजारी बसणार आहे.” त्याला वाटलं मी रागात बोलतेय. मला स्वतःलाही नक्की कळत नव्हतं की मी बसून काय करणार. एवढंच कळत होतं की मी मागवलेल्या लोखंडाबरोबर त्यांना एकट्याला पाठवून घरात बसणं मला जमणार नाही.

गुरुवारी उजाडताना नवरा आणि मी यार्डात पोचलो. बोट जोडलेली होती, सळ्या लावलेल्या, साखळ्या ताणलेल्या. तांडेल नमाज आटोपून पिकअपच्या दाराशी उभे होते. मी काखेत काटा घेऊन उतरले. का आणला होता तेही सांगता येणार नाही, रिकाम्या हातानं जायला नको वाटलं असेल. म्हटलं, “चाचा, मी तुमच्या शेजारी बसणार. हे मागून गाडी घेऊन येतायत.”

“बाय, खुळी काय? घरी जा.”

“हिच मी मागवलाय. मी बसणार.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काखेतल्या काट्याकडे पाहिलं. मग हातातली किल्ली खिशात टाकली, पिकअपला एक फेरी मारली, मागे जाऊन गुडघ्यावर बसले आणि साखळ्या सोडायला लागले. दोन्ही सळ्या काढून त्यांनी पिकअपच्या मागच्या हौद्यात गोणपाटाखाली ठेवल्या. “फळी आण,” नवऱ्याला म्हणाले.

सळ्या काढल्या की ब्रेक जिवंत, पण ओझं सगळं पुन्हा पिकअपच्या मागे आणि स्टिअरिंग हलकं. तेव्हा ओझंच कमी करायचं. बोटीच्या नाकातला नांगर आणि साखळी काढून आमच्या कोरोलाच्या डिकीत गेली, पाण्याचे कॅन मागच्या सीटवर. प्रत्येक वेळी फळी, वीट, काटा, गुणिले चार. एक बर्फाची पेटी राहिली होती, ती मी उचलायला गेले तर म्हणाले, “राहू दे. नाक फार हलका झाला तरी ट्रेलर शेपूट हलवतो.” टेप लावली, खडूनं आकडे लिहिले, ते त्यांना आवडले नाहीत, पण त्यांनी मान हलवली.

आम्ही निघालो. तासाला पन्नास किलोमीटर, त्याच्यावर काटा गेला नाही. मागे कोरोला, चारही दिवे उघडझाप करत. मी मराठी बायका प्रवासात म्हणतात ती सगळी स्तोत्रं आलटून पालटून म्हणत होते, एकही पूर्ण होत नव्हतं. शहराबाहेरच्या एका सरळ रिकाम्या तुकड्यावर तांडेल म्हणाले, “हात लाव.” मी स्टिअरिंगवर बोटं टेकवली. ते पाण्यात हात घातल्यासारखं सैल होतं. “हा मागच्या बोटीचा वजन,” ते म्हणाले. “कागदावर नाय कळत.” मी हात काढून मांडीवर घट्ट धरून ठेवले.

एका राउंडअबाउटच्या तोंडाशी डावीकडून एक लँडक्रूझर आली आणि आमच्या नाकासमोरून आडवी घुसली. तांडेलांनी आधीच अंतर सोडलं होतं. ब्रेक दाबला. मागून बोटीनं आम्हाला रेटलं, मला पाठीत तो रेटा जाणवला, आणि लगेच काहीतरी खट्‌ झालं आणि रेटा थांबला. पिकअप सरळ उभी राहिली. लँडक्रूझर निघून गेली, चालवणाऱ्याला कळलंही नसेल.

“ऐकलास?” तांडेल म्हणाले. “ब्रेक बोलला.”

माझ्या सळ्या लावलेल्या असत्या तर तो बोलला नसता. ते मला तिथं, त्या थांबलेल्या गाडीत, नीट कळलं, आणि मी रडायला लागले. त्यांनी डॅशबोर्डवरचा टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि गाडी पुढे घेतली.

दुखानच्या अलीकडे थांबून त्यांनी सळ्या परत अडकवल्या, साखळ्या ढिल्या ठेवून, नुसत्या दिसायला. आम्ही नांगर, साखळी, कॅन जागच्या जागी ठेवले. गिऱ्हाइकानं हिचचं कौतुक केलं, बोट पाण्यात गेली आणि तो आम्हा सगळ्यांना एक फेरी मारायला बोलवायला लागला. नवरा गेला. तांडेल समुद्राकडे पाठ करून एका दगडावर बसले. मी त्यांना विचारलं, “सगळं ठीक?” ते म्हणाले, “अजून परत जायचा हाय.”

शनिवारी सकाळी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि आदल्या मंगळवारी बोलायचं ते वाक्य बोलले. सळ्या काढल्याचं मात्र काही बोलले नाही. वाटलं होतं, आभाळ कोसळेल. मॅनेजरनी फायलीतून डोकं वर न काढता सांगितलं, “दुसरा मागव. आणि पुढच्या वेळी आधी ड्रायव्हरला विचार.” संपलं. एवढ्याशासाठी मी एक माणूस पणाला लावला होता. तांडेलांना सांगितलं तर म्हणाले, “बरा केलास. आता झोप लागेल तुला.”

पुढची सात-आठ वर्षं आम्ही हिच मिळून निवडले. दर वेळी खोका उघडला की ते गंभीर चेहरा करून विचारायचे, “बाय, हा वाढत्या अंगाचा नाय ना?” मला मुलगा झाला, त्याला अडीच वर्षांनी होईल असा स्वेटर त्यांच्या घरून आला, तेव्हा उलट मीच त्यांना तेच विचारलं. शबाना शिक्षिका झाली. वेस्ट बेमध्ये एकामागून एक टॉवर उभे राहिले, यार्डात माणसं बदलली, मॅनेजर बदलले. तांडेलांचे गुडघे गेले आणि एक दिवस त्यांनी सांगितलं, आता कायमचा चाललो.

जायच्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे आले, बॅगा घेऊन, कारण काटा आमच्याकडे होता. हॉलमध्ये तीन बॅगा मांडल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांची ओझी मोजली, पण स्वतःच्या बॅगा भरताना माणूस गोंधळला होता. खजूर इकडून तिकडे, दुधाच्या पावडरचे डबे तिकडून इकडे. मी काट्यावर बॅग ठेवायची, आकडा वाचायची, ते पुन्हा उघडायचे. मध्येच, साबणाच्या वड्या हातात धरून, ते म्हणाले, “बाय, त्या दिवशी दुखानला जाताना सळ्या मी का काढल्या, माहीत हाय?”

“ब्रेकसाठी.”

“तू येण्याआधी लावलेल्या होत्या ना?”

होत्या. ताणलेल्या साखळ्या मला इतक्या वर्षांनी समोर दिसल्या.

“मी लावूनच चाललो होतो,” ते म्हणाले. “काढल्या आणि कोणी साबाला बोलला तर पासपोर्ट गेला. शबानाचा डी.एड. अर्धा झालेला. बोललो, जातो तसाच, हळू हळू, जे होईल ता होईल. मनात कायच आणायचा नाय. मग तू काटा घेऊन आलीस आणि बोललीस, मी बसणार.” त्यांनी साबण बॅगेत नीट रचले. “तुला घेऊन तशी गाडी कशी हाकणार?”

मी सोफ्याच्या कडेवर बसले. म्हटलं, “चाचा, आणि मी आले नसते तर?”

“आतापर्यंत ठीक हाय ना?” ते म्हणाले. “मग? ही बॅग धर. दोन किलो जास्त हाय.”

त्या संध्याकाळी ते गेले. नंतर दोनदा फोन आला, पुढे शबानाचा आला, त्यांच्या जाण्याचा.

आता ऑफिसात माझ्या हातून काही चुकलं की पहिल्या पाच मिनिटांत मी जाऊन सांगते. नवीन मुलं म्हणतात, मॅडम फार सरळ आहेत. सरळ कसली? मी अजून त्या मंगळवारच्या केबिनमध्ये मान खाली घालून उभी आहे, आणि बाहेर यार्डात एक माणूस ट्रेलरला माझ्या सळ्या लावतोय.